झेंझवहिनीचा घण

इंडियानाच्या या रानात आमची माणसं आली तेव्हा झाडी इतकी दाट होती, की अंगणात ऊन हवं असेल तर आधी झाड पाडावं लागे. आम्ही वेस्टफालियाचे लोक वेंडेलबाख ओढ्याच्या काठी उतरलो. बव्हेरियाचे लोक मागून आले, त्यांच्या वाट्याला टेकडी आली. दोघंही जर्मन, दोघंही कॅथलिक, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नसे. ते आम्हाला 'काळ्या पावाची ढेकळं' म्हणायचे. आम्ही त्यांना 'उकडलेले गोळे' म्हणायचो, कारण त्यांच्या ताटात पिठाच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही आम्ही पाहिलं नव्हतं.

चर्च मात्र एकच होतं, ओंडक्यांचं, ओढ्याकाठी, म्हाताऱ्या टेरब्रोकच्या जमिनीवर. टेरब्रोकची लाकूड कापायची गिरणी होती आणि आमच्या बाजूला त्याचा शब्द कुणी मोडत नसे. दर वसंतात ओढ्याचं पाणी चर्चमध्ये शिरायचं. टेकडीवाले कुरकुरायचे, तर टेरब्रोक म्हणायचा, "बेडूकसुद्धा न चुकता मिस्सेला येतात, यांनाच काय होतं?"

माझा भाऊ एव्हर्ट सुतार होता. आमचे आईबाप जहाजावरच पटकीनं गेले, तेव्हापासून त्यानंच मला सांभाळलं. दोन्हीकडचे पाळणे आणि दोन्हीकडच्या शवपेट्या तोच करायचा, म्हणून टेकडीवर जायला त्याला कुणी अडवत नसे. असंच एकदा कपाट बसवायला तो आशेनब्रेनरांच्या घरी गेला आणि परत येताना त्यांच्या क्रेसेंझला मागणी घालून आला. तिला सगळे झेंझ म्हणायचे. तिच्या बापानं, अलॉईसनं, बरेच दिवस तोंड वाकडं करून ठेवलं. शेवटी तिचा भाऊ कोर्बिनियान यानंच तिची पेटी खांद्यावर घेतली आणि टेकडी उतरून, ओढा ओलांडून आमच्या दारात आणून आदळली.

"सुतारा," तो दादाला म्हणाला, "माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी दिसलं ना, तर तुझ्याच रंध्यानं तुझी साल काढीन."

"ये की," दादा म्हणाला. "रंधा धार लावून ठेवतो. आता बस, बीअर घे."

कोर्बिनियान बैलासारखा दांडगा होता. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि राग उतरला की ढसाढसा रडायचा. दादाचं आणि त्याचं चांगलं जमलं. रविवारी मिस्सा झाली की दोघं आमच्या अंगणात पत्ते खेळायचे आणि एकमेकांना लबाड म्हणून शिव्या द्यायचे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. झेंझवहिनी माझ्याहून थोडीच मोठी. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "ट्रूडे, तुमच्याकडे हसतात का गं माणसं, की तेही वर्षातून एकदाच, ईस्टरला?" त्या दिवसापासून ती माझीच झाली.

भांडण पेटलं ते घंटेवरून. दोन्हीकडच्या बायकांनी लोणी आणि अंडी विकून सिनसिनाटीहून एक मोठी काशाची घंटा मागवली होती. हे एकच काम असं, ज्यात आमच्या बायका एकत्र बसल्या, हसल्या, भांडल्या आणि शेवटी त्यांनी ते पार पाडलं. पण तेवढ्यात जुनं चर्च अपुरं पडायला लागलं, नवं दगडी बांधायचं ठरलं, आणि ते कुठं बांधायचं यावर पुरुषांची डोकी फिरली. टेरब्रोक म्हणे ओढ्याकाठी, माझ्याच जमिनीवर. अलॉईस म्हणे टेकडीवर, जिथं पाणी चढत नाही. आमचे फादर मोरांड आल्सेसचे, म्हणजे ना इकडचे ना तिकडचे. ते जे काही बोलत ते दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या फायद्याचं वाटे. त्यांच्याकडे आणखी दोन गावं होती, ते घोड्यावरून यायचे आणि जायचे. त्यांच्या पाठीमागे एक गोष्ट सगळ्यांनी मनात पक्की केली, की घंटा ज्याच्या दारात, चर्चही त्याच्या दारात.

बोटीनं घंटा नदीच्या धक्क्यावर आली तेव्हा टेकडीवाले आधी पोचले. त्यांनी ती बैलगाडीवर चढवली आणि निघाले. आमच्या लोकांनी त्यांना ओढ्याच्या उतारावर गाठलं. दोन्हीकडे कुऱ्हाडीचे दांडे होते. पाण्यात उभं राहून माणसं एकमेकांना गुरासारखं झोडपत होती. कुणीतरी गाडीच्या बैलाच्या गुडघ्यावर कुऱ्हाड घातली. तो बैल पाण्यात बसला आणि असा हंबरला की आम्ही बायका काठावर कान झाकून उभ्या राहिलो. टेरब्रोकनं घंटेच्या दोराला हात घातला, तेव्हा कोर्बिनियाननं त्याच्या तोंडावर एकच ठोसा हाणला. म्हाताऱ्याचे पुढचे दात ओढ्यात पडले. मग कोर्बिनियाननं पाय मोडलेल्या बैलाच्या जागी स्वतःचा खांदा जुवाला लावला आणि घंटा टेकडीवर नेली.

दादा त्या दिवशी दोघांच्या मध्ये पडला होता आणि दोघांचाही मार खाऊन घरी आला. वहिनी त्याच्या डोक्याला पट्टी बांधत होती.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"मग कुणी पडायचं? इकडून माझे लोक, तिकडून तुझा भाऊ."

"माझा भाऊ गाढव आहे."

"ते खरंय. पण पत्ते चांगले खेळतो."

घंटा टेकडीवर एका लाकडी चौकटीत टांगून ठेवली गेली. फादरांनी आशीर्वाद दिल्याशिवाय ती वाजवायची नव्हती, आणि फादर म्हणाले, "तुम्ही माणसात आल्याशिवाय मी पाणीही शिंपडणार नाही."

मग जूनमध्ये ख्रिस्तशरीराचा सण आला. त्या दिवशी पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, घेऊन मिरवणूक निघते. रस्त्यात फुलं, बर्चच्या फांद्या, पोरी पांढऱ्या कपड्यांत. मिस्सा झाली आणि फादर वेदीवरून वळायच्या आत अलॉईस बाकावरून उभा राहिला. म्हणाला, "यंदा मिरवणूक टेकडीवर, घंटेपर्यंत जाईल."

टेरब्रोक दात नसलेल्या तोंडानं म्हणाला, "माझ्या मुडद्यावरून."

"ते जमेल," मागून कोर्बिनियान म्हणाला, आणि टेकडीवाले हसले.

त्या हसण्यानं सगळं बिघडलं. टेरब्रोकचा धाकटा मुलगा बेर्न्ड बाकावरून उडी मारून आला आणि कोर्बिनियानच्या गळ्याला भिडला. बाकं उलटली. बायका पोरांना घेऊन खिडक्यांकडे पळाल्या. फादर ओरडत होते, पण त्यांच्या हातात साक्रामेंत होतं, ते खाली ठेवून मध्ये पडताही येईना. कोर्बिनियाननं बेर्न्डला भिंतीवर फेकलं आणि मिरवणुकीसाठी काढलेली पितळेची उंच समई दोन्ही हातांनी उचलली. त्याचा डोळा टेरब्रोकवर होता. टेरब्रोक म्हातारा असला तरी हटला नाही, तसाच उभा राहिला.

दादा त्या दोघांच्या मध्ये आला. हात वर करून, तळवे उघडे. "कोर्बी, खाली ठेव," एवढंच म्हणाला.

समई खाली आली ती त्याच्या कानशिलावर. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. दादा गुडघ्यांवर बसला, मग बाजूला कलला, आणि फळ्यांच्या फटीतून त्याचं रक्त खालच्या मातीत जायला लागलं. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा एप्रन लगेच जड झाला. दादाचे ओठ हलले, पण काही बोलला असं मला ऐकू आलं नाही.

कोर्बिनियान समई टाकून तिथंच उभा होता. "एव्हर्ट," तो म्हणाला. "एव्हर्ट, अरे ऊठ ना."

तो पळाला नाही. पळाला असता तर कदाचित बरं झालं असतं. आमच्या लोकांनी त्याला ओढत अंगणात नेलं. दाराजवळच्या अक्रोडावर घोड्याचा दोर टाकला आणि त्याच्या गळ्यात फास घालून त्याला वर खेचला. तो हातपायही झाडत नव्हता. तेवढ्यात टेकडीवाले गाड्यांतून विळे, कुऱ्हाडी, दोन बंदुका घेऊन परत फिरले. मग जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं, कारण वहिनी दाराकडे बघायलाच तयार नव्हती. बेर्न्ड टेरब्रोक दोर धरून उभा होता. त्याच्या पोटात विळा गेला आणि त्यानं दोर सोडला. कोर्बिनियान खाली पडला. टेकडीवरचा व्हिटस, ज्याचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, त्याचं डोकं आमच्याच कुणीतरी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं ठेचलं. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी रस्त्यावर उभ्या राहून किंचाळत होत्या. त्यांनी पसरलेली फुलं माणसांच्या टाचांखाली चिखल झाली होती.

फादर मोरांड बाहेर आले तेव्हा अंगणात एकेकाच्या अंगावर तीन तीन माणसं पडली होती. फादरांच्या कपाळाला दगड लागला होता. ते तसेच वळले. परत आत गेले, वेदीवरची पेटी उघडून आत ठेवलेलं साक्रामेंत काढलं, छातीशी धरलं, वेदीसमोरचा अखंड दिवा फुंकून विझवला, आणि आम्ही दादाला बाहेर आणलं तशी दाराला कडी घातली.

मग दारात उभं राहून म्हणाले, "रक्त सांडलेल्या घरात मिस्सा होत नाही. बिशप सांगतील तोवर इथं मिस्सा नाही, लग्न नाही, बाप्तिस्मा नाही. मेलेल्यांना मी अंगणातूनच निरोप देईन. आता घरी जा, आणि आपापले हात धुवा, निघत असेल तर."

त्या दिवशी तीन माणसं गेली. दादाची शवपेटी करायला गावात दुसरा सुतार नव्हता. त्यानं टेकडीवरच्या एका म्हातारीसाठी करून ठेवलेली पेटी आमच्या पडवीत होती. तीत त्याचे पाय दुमडून ठेवावे लागले.

शेरीफ इंग्रजी बोलणारा. तो आला, दोन्हीकडच्या लोकांना विचारलं, आणि दोन्हीकडच्या लोकांना अचानक इंग्रजी समजेनाशी झाली. "डच लोकांचं डच लोक बघून घेतील," असं म्हणून तो घोड्यावर बसला; इंग्रजी बोलणारे आम्हा जर्मनांना डचच म्हणायचे. कोर्बिनियानला तेवढ्यात टेकडीवाल्यांनी कुठंतरी लपवलं होतं. तो जगला, पण फासानं त्याचा गळा आतून मोडला, आवाज गेला, असं कानावर आलं.

मग उन्हाळाभर जाळपोळ. आमच्या लोकांनी अलॉईसचा गोठा पेटवला, आत दुभती गाय बांधलेली असताना. टेकडीवाल्यांनी टेरब्रोकच्या गिरणीचा बांध फोडला. आमचा एक माणूस मक्यात डोळा गमावून बसला, त्यांचा एक माणूस विहिरीजवळ हात मोडून पडला. शेतावर जाताना माणसं फावड्याबरोबर बंदूकही घेऊ लागली. कुणाच्या घरी मूल जन्मलं तर बाप्तिस्म्यासाठी त्याला दुसऱ्या गावाला न्यावं लागे, आणि वाटेत कोण भेटेल याची धास्ती.

आमच्या घरात वेगळीच आग होती. वहिनीला दिवस गेले होते. टेरब्रोक एके दिवशी सकाळीच अंगणात आला. तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "ट्रूडे, खुन्याच्या बहिणीला तिच्या माणसांकडे पाठव. लोक खपवून घेणार नाहीत."

"काका, ती माझी वहिनी आहे."

"एव्हर्ट होता तोवर होती. माझा बेर्न्ड जमिनीखाली आहे, आणि ही इथं आमच्या ओढ्याचं पाणी पिते!"

वहिनी चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली. "टेरब्रोककाका, बेर्न्डच्या पोटात विळा घातला तो माझ्या भावानं नाही. तो तेव्हा तुमच्या दोरावर लटकत होता. आणि माझा नवरा तुमच्या वाटणीचा घाव खाऊन मेला. पाणी मी त्याच्या हक्काचं पिते. तुम्ही कुणाच्या हक्काचं जगता ते बघा."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तो गेला, पण त्या आठवड्यात आमच्या खिडकीवर दगड आले. एक वहिनीच्या पाठीत बसला. तेव्हा ती माहेरी गेली, मी बरोबर होते. अलॉईस दारातच उभा राहिला. "तू स्वतः तिकडं गेलीस," तो म्हणाला. "आता तिकडचीच राहा. या घराला आग लावणाऱ्यांच्या पोराला मी माझ्या घरात जन्मू देणार नाही."

"बाबा, हे पोर एव्हर्टचं आहे. तुमचं कपाट त्यानंच बसवलं."

त्यानं दार लावून घेतलं. परत येताना ओढ्यापाशी वहिनी खाली बसली आणि पाण्यात हात घालून बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, "ट्रूडे, मला भूक लागलीय."

ऑगस्टमध्ये पवित्र मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. बायका औषधी झाडपाल्याच्या जुड्या बांधतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. सणाच्या आदल्या सकाळी टेरब्रोकची थोरली सून आमच्याकडे आली. तिला आमच्याकडे यायला बंदी होती, म्हणून ती अंडी उसनी मागायच्या निमित्तानं आली. तिनं सांगितलं, "टेकडीवाले उद्या फादरांना न विचारता घंटा वाजवणार आहेत. आणि आमचे लोक बंदुका घेऊन वर जाणार. माझा नवरासुद्धा. सासरे म्हणतात, उद्या घंटा खाली येईल नाहीतर आपण खाली येणार नाही." आणि ती रडायला लागली. तिच्या पदरात तीन पोरं होती.

ती गेल्यावर वहिनी दादाच्या कामाच्या पडवीत गेली. तिथं ओंडके फोडताना पाचरी ठोकायचा लोखंडी घण होता. दादासुद्धा तो दोन्ही हातांनी उचलायचा. तिनं तो खांद्यावर घेतला.

"वहिनी, हे काय? तुमच्या पोटात..."

"पोटातलं घट्ट बसलंय. आशेनब्रेनरांचं रक्त आहे. चलायचं तर चल, नाहीतर भाजीकडे बघ, करपेल."

मी गेले. भरदुपारी, सगळं गाव मळणीत असताना, आम्ही ओढा ओलांडून टेकडी चढलो. चौकटीपाशी पहाऱ्याला एक म्हातारा होता, तो गवतात झोपला होता. वहिनीनं घंटेच्या कडेवर हात फिरवला. मग मला म्हणाली, "बाजूला हो," आणि घण फिरवला.

घंटा वाजली. ती आमच्या दरीत वाजलेली पहिली घंटा. आवाज इतका मोठा आणि इतका गोड होता, की माझ्या अंगावर काटा आला. वहिनीनं दुसरा घाव घातला, तिसरा घातला. झोपलेला म्हातारा उठून ओरडत पळाला. खाली शेतांतून माणसं निघालेली दिसली, टेकडीच्या बाजूनं आणि ओढ्याच्या बाजूनंही. आग लागली असं समजून कुणी बादल्या घेऊन निघालं होतं, हल्ला झाला असं समजून कुणी बंदुका घेऊन. वहिनी घामानं निथळत होती. प्रत्येक घावागणिक ती काहीतरी म्हणत होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं: "हे माझं लोणी. हे माझ्या सासरचं लोणी. ही माझी अंडी."

अलॉईस सगळ्यांत आधी पोचला. त्याच्या हातात बंदूक होती. "झेंझ! घण टाक!"

तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"टाक म्हणतो! नाहीतर गोळी घालीन, पोटच्या पोरीला घालीन!"

"घाला," ती म्हणाली. "एकाच गोळीत दोघं जातील, बंदुकीची दारू वाचेल." आणि घण उचलला.

अलॉईसनं खरंच नेम धरला. त्याचं बोट चापावर गेलेलं मी पाहिलं. टेकडीवर चुनखडीची एक जुनी भट्टी होती, तिच्यामागून एक माणूस धावत आला, वाढलेली दाढी, गळ्याभोवती काळानिळा वळ. कोर्बिनियान. त्याच्या तोंडातून फुटक्या भात्यासारखा आवाज येत होता. त्यानं बंदुकीची नळी उजव्या हातानं धरली आणि बाजूला ढकलली. बार उडाला. त्याच्या पंजाचा मधला भाग नाहीसा झाला. दोन बोटं कातडीला लोंबत राहिली. तो गुडघ्यांवर बसला आणि हात पोटाशी धरला.

त्याच क्षणी घंटेला तडा गेला. पुढच्या घावाचा आवाज घंटेचा नव्हताच, फुटक्या कढईचा होता. वहिनीनं आणखी एक घाव घातला आणि कडेचा मोठा तुकडा गवतात पडला. तेव्हा कुठं तिनं घण खाली टेकवला.

आता दोन्हीकडची माणसं जमली होती. टेरब्रोकनं कोर्बिनियानला पाहिलं आणि हात वर केला. "दोर आणा रे! सापडला!" आमची चार माणसं पुढे झाली. टेकडीवाल्यांनी बंदुका उचलल्या.

वहिनी घण ओढत कोर्बिनियानपर्यंत गेली. एप्रन सोडला, त्याच्या हाताला करकचून गुंडाळला. तो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. ती त्याला म्हणाली, "गप. तुझ्याशी मी बोलत नाहीये."

मग ती सगळ्यांकडे वळली. "मेला तो माझा नवरा. मारला त्यानं, तो माझा भाऊ. यात तुमचं काय आहे? टेरब्रोककाका, तुमचं दुःख मला कळतं, पण ते या दोरात नाही. बाबा, तुम्हाला चर्च हवं होतं ना? हे घ्या, घंटेचा तुकडा, उशाशी घेऊन झोपा. यापुढे ज्याला कुणाला मारायचंय त्यानं घंटेसाठी मारलं असं म्हणू नये. घंटा नाही आता. उगाच मारलं म्हणा."

टेकडीवरच्या गर्दीतून एक बाई पुढे आली. व्हिटसची विधवा, जेमतेम अठराची पोर. ती कोर्बिनियानच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि त्याला उठायला हात दिला. मग टेरब्रोकची सून आली. तिचा नवरा ओरडला, "अगं ए, परत ये!" ती म्हणाली, "तू ये इकडं," आणि आली.

बायकांनी त्याला गाडीत घातलं. वहिनी स्वतः बैल हाकायला बसली, घण मांडीवर आडवा. ती त्याला जिल्ह्याच्या गावी शेरीफकडे घेऊन निघाली. दोर घेऊन उभी असलेली आमची माणसं रस्त्यात होती. ती हलली नाहीत, तेव्हा तिनं बैलांना चाबूक मारला. माणसं बाजूला झाली.

शेरीफला तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "हा माझा भाऊ. माझ्या नवऱ्याला यानं मारलं. मी साक्ष देते. बाकीच्यांना आता इंग्रजी येईल." आणि खरंच आली. खटला झाला. जाणूनबुजून मारलं नाही असं ठरलं, आठ वर्षांची सजा झाली. बेर्न्ड आणि व्हिटसला कुणी मारलं, ते मात्र कधी सिद्ध झालं नाही. दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं, आणि ती माणसं पुढे म्हातारी होऊन अंथरुणात मेली.

फादर मोरांडांनी त्या सप्टेंबरात आमच्या शेतात, कापलेल्या धान्याच्या खुंटांवर, मिस्सा केली. वेदी म्हणजे दादाचं कामाचं मेज. अर्धे लोक आले. पुढच्या रविवारी आणखी थोडे आले. टेरब्रोक आला नाही. तो कधीच आला नाही, आणि गिरणीत एकटाच बसून मेला. शेवटी बिशपांचा निरोप आला: चर्च टेकडीवर बांधा, दफनभूमी ओढ्याकाठीच राहू द्या. जिवंतपणी वर, मेल्यावर खाली. कुणालाच हे पटलं नाही, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. दगड वाहताना दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलत नसत, पण जड दगड एकट्याला उचलत नाही, तेव्हा "धर" आणि "सोड" एवढे शब्द आधी आले. अजूनही आमचे लोक डाव्या बाकांवर बसतात आणि त्यांचे उजव्या. पुन्हा कुणी उलटवू नयेत म्हणून बाकं खिळ्यांनी जमिनीला ठोकून ठेवलीत.

वहिनीला मुलगी झाली. मेश्टिल्ड. वहिनीनं दुसरं लग्न केलं नाही. दादाच्या हत्यारांनी ती स्वतःच पेट्या आणि खुर्च्या करायला शिकली. तिच्या खुर्च्या जड असत आणि कधी मोडत नसत. अलॉईस शेवटच्या आजारात तिच्याकडेच आला. तिनं त्याला चमच्यानं भरवलं, पण त्यानं माफी मागितली तेव्हा म्हणाली, "खा आधी, थंड होतंय."

कोर्बिनियान सजा संपवून आला तो नोव्हेंबरमध्ये. बारीक पाऊस होता. आम्ही जेवायला बसत होतो. दार वाजलं, मेश्टिल्डनं उघडलं. दारात एक वाकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस, उजवा हात पिशवीसारखा खिशात खुपसलेला. त्यानं टोपी काढली. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण गळ्यातून नुसती खरखर आली. आत येण्याची त्याची हिंमत नव्हती.

"आई, कोण आहे हा?" मेश्टिल्डनं विचारलं.

वहिनीच्या हातात सूपचा पळा होता. तिनं तो वर उचलला. मला वाटलं, आता हा पळा भिंतीवर जाईल.

"तुझा मामा," ती म्हणाली. "तुझ्या बापाला यानंच मारलं. त्याला म्हण, पाय पूस आणि आत ये."

मेश्टिल्डनं तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानं दारातल्या गवतावर पाय पुसले, पुसतच राहिला.

"पुरे झालं," वहिनी आतून ओरडली. "दार लाव. थंडी शिरतेय."